तिसरी पिन कापणाऱ्याच्या नावे

मी, श्रीमती लता पुंजाराम थेटे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मधुरा सोसायटी, इंदिरानगर, नाशिक, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते माझ्याच हस्ताक्षरात आणि माझ्याच टेबलाशी बसून लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे आहेत, पण ते पुण्याला असतात आणि त्यांचा फोन मी आज उचललेला नाही.

वकिलांनी मला छापील मसुदा दिला होता. त्यात ‘माझी बुद्धी शाबूत असून’ एवढेच अर्धे वाक्य आणि लगेच मालमत्तेला सुरुवात. मी त्यांना म्हटले, एवढ्याने माझे भागणार नाही. इतरांच्या मृत्युपत्रात हे वाक्य रीत म्हणून घालतात. माझ्या बाबतीत सगळे भांडण त्याच वाक्यावर होणार आहे. माझा एकुलता एक मुलगा ज्ञानेश याच्याजवळ पुण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञाचा कागद आहे. मला भास होत असावेत, अशी शंका त्यावर लिहिली आहे. मी डोळे मिटले की तो कागद कोर्टात जाईल, माझे मृत्युपत्र वेडीचे ठरेल, आणि माझा भाऊ सुनील हे घर गिऱ्हाइकाला दाखवायला घेऊन येईल. सुनील फ्लॅटची दलाली करतो. त्याने या घराची खोली-खोली नजरेने मोजून ठेवली आहे.

म्हणून मी आधी माझी बुद्धी सिद्ध करते आणि वाटण्या मागाहून करते. नुसत्या उत्तराला मी वर्गात कधी गुण दिले नाहीत. रीत दाखवा, मग उत्तर. इथेही तसेच होईल, ज्यांना घाई असेल त्यांनी बाहेर बसावे.

कलम पहिले : बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा

पुरावा म्हणून मी सोल्डरिंग स्टेशन कसे निवडले ते लिहिते. कारण ज्ञानेशच्या मते माझे डोके फिरल्याची पहिली खूण तीच आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे पुर्जे आणि तारा कथील वितळवून जोडतात. त्यासाठी टोक तापणारी एक दांडी लागते. साधी दांडी सॉकेटला लावली की नुसती तापतच राहते, तिला धरबंध नसतो. स्टेशनमध्ये ती दांडी एका पेटीला जोडलेली असते आणि टोक किती तापू द्यायचे ते पेटीवर ठरवता येते. दांडीच्या टोकाला बिट म्हणतात. एवढे समजले तरी पुढचे समजेल.

माझे पती कै. पुंजाराम मनमाडला रेल्वेत होते. रोज जाऊन-येऊन नोकरी केली आणि उरलेला वेळ या टेबलाशी काढला. रेडिओ, ॲम्प्लिफायर, मंडळाच्या गणपतीचे भोंगे. मी शाळेत मुलींना ओहमचा नियम शिकवून घरी यायची आणि हे गृहस्थ मला ओहमचा नियम समजावून सांगायचे. संसारभर या टेबलाशी माझे काम एकच, यांना उजेड दिसावा म्हणून बॅटरी धरून उभे राहणे. मी काही बोलायला गेले की म्हणत, “तू फक्त धर.” घरातल्या तापणाऱ्या वस्तूंपैकी तवा आणि इस्त्री माझ्या वाट्याची, ही तिसरी त्यांची.

ते गेले, तेराव्याचे पाहुणे पांगले, आणि मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. कोणाला विचारावेसे वाटले नाही आणि फार बरे वाटले. विधवेने असे लिहू नये असे कोणाला वाटत असेल तर त्याने वाचू नये. मी आधी जुना रेडिओ दुरुस्त केला, मग सोसायटीची पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा बनवला. सोसायटीने तो लावला, पाणी वाचवले आणि आभार मानायचे विसरले. सेक्रेटरींच्या हे लक्षात असावे म्हणून इथे नोंद करते.

पुंजारामांची दांडी मात्र कामाची राहिली नव्हती. बिट काळी पडली की ते ती कानशीने घासत. जुन्या तांब्याच्या बिटेला ते चालायचे. आताच्या बिटेवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, कानस लावली की तो जातो आणि कथील आतले तांबे खाऊन टाकते. हे मी त्यांना सांगितले होते, पण बॅटरी धरणाऱ्याचे कोण ऐकतो. त्यांच्या डब्यातल्या सगळ्या बिटा किडक्या दातांसारख्या झालेल्या आहेत.

मी ज्ञानेशला फोनवर सहज म्हटले की मला चांगले स्टेशन घ्यायचे आहे, अजून बघते आहे. त्यावर तो म्हणाला की या वयात हे कशाला, भजनाचा ग्रुप लाव. मी म्हटले, माझा आवाज तू लहानपणापासून ऐकतो आहेस, भजनाच्या बायकांनी काय पाप केले? तो हसला नाही. पुढच्याच आठवड्यात माझ्या दारात एक खोके आले. मला न विचारता त्याने माझ्यासाठी निवड केली होती.

त्यात सगळे होते. गरम हवेची बंदूक होती, मोठ्या आकड्यांचा पडदा होता, बटणांची रांग होती आणि फुकट बिटांची पिशवी होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पडद्यावर आकडा चढायचा, पण जाड तारेला टोक लावले की ते तिथेच थंड पडायचे. मूठ मात्र तापायची. वायर इतकी ताठ की दांडी खाली ठेवली की आपण होऊन फिरायची. मी पेटी उघडून मीटर लावला, तर प्लगला तिसरी पिन होती, पण तिची तार आत कुठेच जोडलेली नव्हती. शोभेची पिन. मी ते खोके परत पाठवायला लावले. ज्ञानेश म्हणाला, ऑनलाइन एवढे तारे मिळाले आहेत त्याला, हजारो लोकांनी चांगले म्हटले आहे. मी म्हटले, हजारो लोकांनी ते उघडले नव्हते.

माझ्या मुलाने माझ्यावर धरलेला राग इथून सुरू होतो, हे कोर्टाने लक्षात घ्यावे. तो संगणक अभियंता आहे आणि आईने त्याला नापास केले.

मग मी भद्रकालीत निसारभाईंच्या दुकानात गेले. निसार अत्तार हे पुंजारामांच्या काळापासूनचे पुर्जेवाले. दुकानात उभे राहायला जागा नाही, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायची त्यांना सवय नाही, म्हणून माझे त्यांच्याशी जमते. मी घरून एक जुना बोर्ड बरोबर नेला होता. प्रत्येक दांडी त्यांच्या काउंटरवर तापवून त्या बोर्डावर चालवून पाहिली. मागे गिऱ्हाइके ताटकळली. ताटकळू दिली.

मी काय पाहिले ते लिहिते, म्हणजे माझे डोके कसे चालते ते कळेल. खोक्यावरचे वॅट मी वाचलेसुद्धा नाहीत. जाड जोडावर टेकवल्यावर टोकाची ऊब किती लवकर भरून येते ते पाहिले. बिट झिजली तर नवी नाशकात मिळेल का ते विचारले. जिची बिट मिळत नाही ती दांडी पहिल्या वर्षानंतर नुसते लाटणे. माझ्या बोटांना संधिवात आहे, म्हणून बटणांऐवजी फिरवायची कळ असलेले मागितले. वायर मऊ हवी होती, स्टँड जड हवा होता. मी उठून गेले तर आपोआप उष्णता उतरवणारे हवे होते, कारण मी विसरते. होय, मी विसरते. जी बाई आपण विसरतो हे धरून वस्तू घेते तिला विसरभोळी म्हणतात की शहाणी, हे कोर्टाने ठरवावे.

आणि शेवटी अर्थिंग. पेटी धातूची, पेटी आणि बिट दोन्ही तिसऱ्या पिनेला जोडलेल्या. प्लगमध्ये जी जाड पिन असते, ती याच कामाची. पेटीत चुकून वीज उतरली तर ती पिन तिला जमिनीत घेऊन जाते, माणसाच्या हाताला लागू देत नाही. निसारभाईंनी मीटर लावून दाखवले. मी स्वतः लावून पुन्हा पाहिले. हे स्टेशन मी त्या तिसऱ्या पिनेसाठी घेतले, असे म्हटले तरी चालेल.

आता ती पिन कुठे गेली ते सांगते.

गेल्या नवरात्रात ज्ञानेश आणि माझी सून सुवर्णा दसऱ्यासाठी आले होते. मी अष्टमीला जुन्या सहकारी शिक्षिकांबरोबर वणीच्या गडावर गेले. परत आले तर माझे टेबल हॉलमधून गॅलरीत गेलेले. वितळलेल्या कथलाच्या वासाने सुवर्णाचे डोके दुखते, असे ज्ञानेशने सांगितले. सुवर्णा तसे काही म्हणाल्याचे मला आठवत नाही. स्टेशनचा प्लग चपलांच्या जड स्टँडमागे दडलेला, फक्त बटण वर दिसत होते. पुंजारामांच्या हत्यारांचा खण, मीटर, टेस्टर, सगळे पसारा म्हणून खोक्यात भरून माळ्यावर टाकलेले. माझे गुडघे माळ्यावर जात नाहीत, हे त्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ज्याची जी हत्यारे त्याने त्यांची पूजा करायची. पुंजाराम त्यांच्या पकडी मांडत, मी माझ्या खडूच्या डब्याला गंध लावत असे. यंदा मी स्टेशनला मान दिला. सकाळचे काम चालूच होते म्हणून बटण बंद केले नव्हते. ओल्या बोटाने पेटीला कुंकू लावले आणि हाताला झिणझिण्या आल्या. मी हात काढला. सुनील फराळाला आला होता, तो म्हणाला, ताई गडावरून देवी बरोबर घेऊन आली. सगळे हसले. माझ्यानंतर सुवर्णाने हळद लावायला बोट टेकवले. तिने ते झटक्यात मागे घेतले. मी पाहिले. तिने ज्ञानेशकडे पाहिले, मग फूल लांबूनच टाकले आणि हसणाऱ्यांत हसली.

त्यानंतर मी टेबलाशी बसले आणि मनगट पेटीला टेकले की झिणझिण्या येत. मी ज्ञानेशला पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते की पेटीत वीज उतरते आहे, माळ्यावरून टेस्टर काढून दे. त्याने टेस्टर काढून दिला नाही. तो म्हणाला, तुझेच म्हणणे ना, की हे स्टेशन तू स्वतः मीटर लावून तपासून घेतले आहेस, मग वीज येते कुठून? माझेच वाक्य त्याने माझ्या तोंडावर मारले. मी वर्गात मुलींना गप्प बसवत आले, तशी त्या दिवशी मी गप्प बसले.

दिवाळीला ते मला पुण्याला घेऊन गेले. आधी मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे. सगळ्या नसा ठणठणीत निघाल्या. पुण्यात मला एकदाही झिणझिण्या आल्या नाहीत. ज्याला थोडेही विज्ञान कळते त्याने यावरून काढायचा निष्कर्ष हा, की दोष बाईत नाही, नाशिकच्या टेबलात आहे. माझ्या मुलाने निष्कर्ष काढला की दोष आईच्या मनात आहे. दुष्काळात तेरावा महिना म्हणून सुनीलने फोनवरून त्याला दुजोरा दिला. मग मनोविकारतज्ज्ञ.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी योग्य तो प्रश्न विचारला. ते म्हणाले, “घरात आणखी कोणाला असं झालंय का?” ज्ञानेश म्हणाला, नाही. सुवर्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. तिने पर्सची चेन उघडली आणि लावली. डॉक्टरांनी त्याचे ‘नाही’ आणि तिचे मौन ऐकले आणि तो कागद लिहिला.

कलम दुसरे : पिनेचा शोध

नाशिकला परत आल्यावर मी निसारभाईंना फोन करून वाटेल ते बोलले. खराब माल गळ्यात मारला, पुंजारामांच्या ओळखीला जागला नाहीत, असे बरेच. ते ऐकून घेऊन घरी आले. दारात चपला काढल्या, गॅलरीत गेले, चपलांचा स्टँड सरकवला आणि प्लग ओढून हातात घेतला. तो उलटसुलट करून पाहिला.

मग म्हणाले, “बाई, याची एक पिन कुठंय?”

प्लगवर दोन पिना होत्या. तिसरी मुळापासून कापलेली, कापाची कड अजून चकाकत होती. निसारभाईंनी खिशातला टेस्टर काढला, प्लग परत लावला आणि टेस्टर पेटीला टेकवला. दिवा लागला. तो तांबडा ठिपका पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. मी निसारभाईंची माफी मागितली नाही, चहा केला. त्यांनी माळ्यावरचे खोके खाली काढून दिले. पिन पुंजारामांच्या खिळ्यांच्या डब्यात सापडली, शेजारी त्यांची करवतीची पाती. टाकवत नाही आणि जोडता येत नाही, हा गुण बापाकडून लेकाकडे आला आहे.

मी ज्ञानेशला फोन लावला आणि आडवळण न घेता विचारले, “पिन तू कापलीस?”

“हो,” तो म्हणाला. “गॅलरीतलं सॉकेट दोन पिनांचं आहे. दोनावर चालतंच की सगळं.”

मी त्याला दिव्याचे सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. त्या गप्प बसण्यात तो माझा मुलगा होता, हे मी मान्य करते. मग मी म्हटले, “आता तो कागद फाड.”

तो म्हणाला, “आई, कागद असू दे ना. काय बिघडतं?”

पिन कापली हे अज्ञान. अज्ञानाला मी उभा जन्म शिकवत आले, त्याचा मला राग येत नाही. कागद असू दे, हे अज्ञान नव्हे. माझा सगळा राग त्या वाक्यावर आहे आणि तो मी बरोबर घेऊन जाणार आहे.

पुरावा इथे संपला. कोणाला अजून शंका असेल तर डॉ. नाझिया काझी यांचा माझ्या मनःस्वास्थ्याचा दाखला सोबत जोडला आहे. नाझिया माझी विद्यार्थिनी. तिला मी नववीच्या सहामाहीत विज्ञानात नापास केले होते आणि तिच्या वडिलांनी शाळेत येऊन विनवणी केली तरी गुण वाढवले नव्हते. तेव्हा तिला माझी बाजू घेण्याचे काही कारण नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम तिसरे : वाटण्या

माझा भाऊ सुनील यास, माझ्या कपाटातील वरच्या फळीवरची मोरपंखी साडी. आमचे वडील वारल्यावर कळवणच्या घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर त्याने माझी सही घेतली, ती राखीपौर्णिमेला. मी राखी बांधली, त्याने ओवाळणीत ही साडी घातली आणि ताटाशेजारी कागद ठेवला. बहिणी सह्या करतातच, असे आई म्हणाली. मी केली. साडीची घडी मी मोडलेली नाही. त्याची वस्तू त्याला पोचावी. कळवणच्या आयत्या बिळावर तो नागोबा झाला, इंदिरानगरला मी त्याला वेटोळे घालू देणार नाही.

पतींची जुनी दांडी, कानस आणि खाल्लेल्या बिटांचा डबा कोणालाही देऊ नये. माझ्याबरोबर जाळू नये, प्लास्टिकच्या मुठीचा धूर होतो. भंगारवाल्यास द्यावे. त्यांची बॅटरी मात्र शाबूत आहे, ती सोसायटीच्या रखवालदारास द्यावी. मी ती इतकी वर्षे धरली, की तिच्यावर माझ्या बोटांचा आकार उठला आहे.

बँकेतील ठेव माझ्या शाळेस, एका अटीवर. प्रयोगशाळेतील प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग तपासून दुरुस्त करावे आणि तशी पाटी लावू नये. माझे नाव भिंतीवर नको, तार जमिनीत हवी. मुख्याध्यापकांना पाटीची हौस आहे म्हणून हे लिहावे लागते.

निसारभाईंना मला काही द्यायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला देणगी नसावी, मृत्युपत्रावर बोट दाखवायला जागा राहते. मला त्यांची सही जास्त हवी. म्हणून पुंजारामांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मी त्यांना माझ्या हयातीतच देऊन टाकला. तो चालत नाही. त्यांनी दुरुस्त करावा, मी बॅटरी धरायला येणार नाही.

माझे दहावे रामकुंडावर होईल तेव्हा पिंडाला कावळा शिवला नाही, तर रीतीप्रमाणे कोणीतरी पुढे होऊन मला वचन द्यायला लागेल की तुझी इच्छा पुरी करू. ज्ञानेशने ते वचन देऊ नये. कावळ्याला फसवण्यापेक्षा पिंड गायीला घालावा आणि घरी जावे.

माझा मुलगा ज्ञानेश यास, आगपेटीत ठेवलेली पितळी पिन, एक. तिच्याबरोबर त्याच्याजवळचा तो कागदही त्याच्याकडेच राहू द्यावा. कोर्टात द्यायचा असेल तर त्याने खुशाल द्यावा, पण पिनेसकट द्यावा. याखेरीज माझ्या स्थावर वा जंगम मालमत्तेतील काहीही त्यास मिळू नये. त्याला माझ्याकडून मिळायचे ते शिक्षण मी दिले होते. ते कुठे गळाले, ते त्याने शोधावे.

कलम चौथे : घर

हा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला, माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो कोणाला जावा यावर मी बरेच दिवस काढले. ज्ञानेशला नाही, हे ठरले होते. शाळेला देणार होते, मसुद्यात तसे लिहिलेही होते.

संक्रांतीच्या आधी सुवर्णा एकटी आली. मी तिला या म्हटले नव्हते. माझ्या स्वयंपाकघरात ती गुळाच्या पोळ्या लाटत होती आणि मी तव्याशी होते. आम्ही बोलत नव्हतो. ती लाटणे न थांबवता म्हणाली, “आई, खंडेनवमीला मलाही करंट लागला होता.”

मी म्हटले, “माहीत आहे. मग डॉक्टरांसमोर का बोलली नाहीस?”

ती म्हणाली, “बोलले असते. पण मग जायचं कुठं?”

माझी पोळी तव्यावर करपली. तिचे माहेर मनमाडचे. आईवडील गेल्यावर भावांनी ते घर विकले, त्याआधी हक्क सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतली. बहिणी सह्या करतातच. पुण्याचा फ्लॅट ज्ञानेशच्या नावावर आहे. तिला झिणझिण्या आल्या, हे तिच्या बोटाला कळले होते. तोंडाने ते बोलायला पायाखाली आपली जमीन लागते, आणि ती तिला कोणी ठेवली नव्हती. मी तरी कुठे बोलत होते, पुंजाराम बिटेवर कानस फिरवत असताना? एकदा सांगितले आणि बॅटरी नीट धरली.

हे वाचून कोणी असे समजू नये की मी विरघळले. सुवर्णाचे मौन मी विसरलेले नाही. तिच्या एका शब्दाने तो कागद लिहिला गेला नसता. मुकी बिचारी कुणीही हाका, असे म्हणून मी तिला सोडून देणार नाही. तिला मी क्षमा केलेली नाही, आणि हे तिला वाचून दाखवावे.

तरीही मी असे लिहून ठेवते, की मधुरा सोसायटीतील हा फ्लॅट, आतील भांडीकुंडी व सामानासह, माझी सून सुवर्णा ज्ञानेश थेटे हिच्या एकटीच्या नावे व्हावा. त्यात माझा मुलगा ज्ञानेश याचा हक्क, हिस्सा वा हितसंबंध राहणार नाही. तिने घर विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे. ज्ञानेशला आत घ्यायचे की उंबऱ्याबाहेर ठेवायचे, तेही तिनेच ठरवावे.

सोल्डरिंग स्टेशन घराबरोबर तिलाच. तिला त्यातले काही येत नाही. मलाही येत नव्हते. निसारभाईंनी नवा प्लग बसवून दिला आहे आणि टेबल हॉलमध्ये परत आले आहे. शिकायचे नसेल तर खंडेनवमीला कुंकू लावावे, ओल्या बोटाने लावले तरी चालेल.

हे घर बक्षीस नाही, दयाही नाही. उद्या परत कोणी तिला चारचौघांत विचारील, की बाई, तुम्हालाही लागला का? त्या वेळी, जायचं कुठं, हे उत्तर तिच्याजवळ उरू नये, एवढ्याचसाठी मी ते तिला देते आहे.

याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र वा मसुदा यापुढे धरू नये. वरील मजकूर मी चष्मा लावून दोनदा वाचला, खाडाखोडीपाशी सही केली, आणि मला त्यातला एकही शब्द मऊ करायचा नाही.

स्थळ : इंदिरानगर, नाशिक
दिनांक : १७ मार्च २०२५

(सही) लता पुंजाराम थेटे

साक्षीदार :

१. आमच्यासमोर बाईंनी सही केली. सही करताना हात थरथरला नाही. पिन मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.
(सही) निसार अत्तार, भद्रकाली, नाशिक

२. मी बाईंना तपासले असून त्या पूर्ण शुद्धीत व सारासार विचार करण्यास समर्थ आहेत. माझ्या दाखल्यातील दोन चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून मला तो पुन्हा लिहायला लावला.
(सही) डॉ. नाझिया काझी, नाशिक